अठरावा आठवडा, व्हिटॅमिन डी ११ आणि प्रोलॅक्टिनसमोर लाल अक्षर. काय समजू?

पारिजातक, चिंचवड

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय. वय २९, पहिलंच बाळंतपण, अठरावा आठवडा चालू आहे. तब्येत तशी ठीक. उलट्या आता थांबल्यात, भूक लागते. फक्त कंबर आणि मांड्या खूप दुखतात. जिना चढताना कठड्याला धरावं लागतं.

डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, पीटीएच आणि टीएसएच एवढंच सांगितलं होतं. लॅबच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, थोडे पैसे वाढवले तर पूर्ण हार्मोन पॅकेज होतं, प्रेग्नन्सीत करून घेतलेलं चांगलं." मिस्टर म्हणाले, करून टाक, एकदाच सुई. रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते.

२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी: ११.२ नॅनोग्रॅम (लाल)
कॅल्शियम: ८.४ (कमी)
अल्ब्युमिन: ३.३ (कमी)
पीटीएच: ५८ (नॉर्मल, रेंज १५ ते ६५)
टीएसएच: ३.१ (नॉर्मल)
प्रोलॅक्टिन: ९४ (लाल, रेंज २५ पर्यंत)
टेस्टोस्टेरॉन: थोडं जास्त (लाल)

प्रोलॅक्टिन गुगलवर टाकलं तर डोक्यात गाठ वगैरे आलं. मग मी बंदच केलं. डॉक्टरांना फोन केला, त्या म्हणाल्या की ती टेस्ट मी सांगितलीच नव्हती, घाबरू नका, पुढच्या व्हिजिटला बोलू. व्हिजिट तीन आठवड्यांनी आहे. तोवर डीची पाकिटं लिहून दिलीत, ६०,००० युनिटची, आठवड्याला एक, आठ आठवडे. कॅल्शियम दोन वेळा, लोहाची गोळी रात्री.

घरात प्रत्येकाचं वेगळं. जाऊबाई म्हणतात डी कमी झालं की सगळे हार्मोन बिघडतात आणि त्यातूनच गर्भ राहत नाही. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणते पाकिटांनी काही होत नाही, सहा लाख युनिटचं इंजेक्शन घेऊन टाक, एकदम वर येतं.

मला विचारायचंय ते असं. डी कमी म्हणून बाकीचे आकडे बिघडलेत का? डी भरून निघालं की ते खाली येतील का? आणि इतके महिने डी कमी होतं, त्याचा बाळावर काही परिणाम झाला असेल का? हे शेवटचं विचारायला फार जड जातंय.

उन्हाचं म्हणाल तर ऑफिस हिंजवडीला. सकाळी सातला बस, परत येईपर्यंत अंधार. आधी स्कूटी होती तेव्हाही आपल्या पुण्याच्या पद्धतीने स्कार्फ, सनकोट, हातमोजे. ऊन अंगाला लागलंय असं मला आठवतच नाही.

---

मोगरा_६२

बाळा, अजिबात रडायचं नाही. पहिल्या वेळी सगळ्यांनाच असं होतं. रोज सकाळी साडेसहाच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास गच्चीवर बस. नाचणीची भाकरी, खारीक, रोज दोन पेले दूध. आमच्या वेळी कुठे होते हे आकडे, आणि तरी चार-चार मुलं झाली. औषधं डॉक्टर देतील ती घेच, पण कोवळं ऊन सोडू नकोस.

---

कृष्णाकाठ, सांगली

पारिजातक, आधी तुझ्या सगळ्यात जड प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. पोटातल्या बाळाची कॅल्शियमची मोठी मागणी अजून सुरूच झालेली नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्यातला बहुतांश भाग शेवटच्या तीन महिन्यांत जातो. तू अठराव्या आठवड्यात आहेस. कमतरता सापडलीय, औषध सुरू झालंय, आणि ते अगदी वेळेवर सुरू झालंय.

मी डॉक्टर नाही. जैवरसायनशास्त्राच्या लॅबमध्ये माझं आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. औषध तुझ्या डॉक्टरच ठरवतील. पण आकडे कसे वाचायचे ते मी सांगू शकते, आणि तुझ्या रिपोर्टबद्दल मला मनापासून काही सांगायचंय.

त्या कागदावर छापलेली रेंज गरोदर नसलेल्या बाईची आहे. गरोदर बाईचं रक्त त्या रेंजशी ताडून लाल अक्षर छापणं मला कधीच पटलं नाही. प्रोलॅक्टिनचंच घे. इस्ट्रोजेन वाढलं की पिट्युटरी ग्रंथीतल्या प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशी वाढतात, ग्रंथीच आकाराने मोठी होते, आणि नऊ महिने भरेपर्यंत प्रोलॅक्टिन दहापटीच्या आसपास जाऊ शकतं. स्तन दुधासाठी तयार होतायत, एवढाच त्याचा अर्थ. अठराव्या आठवड्यात ९४ मध्ये काहीही विचित्र नाही. ज्यांना आधीपासून पिट्युटरीची गाठ आहे त्यांच्यासुद्धा प्रोलॅक्टिनवर गरोदरपणात देखरेख करत नाहीत, डोकेदुखी आणि नजरेकडे लक्ष ठेवतात, कारण आकड्यावरून काही कळतच नाही. टेस्टोस्टेरॉनही तसंच. इस्ट्रोजेनमुळे लिव्हर त्याला धरून ठेवणारं प्रथिन जास्त बनवतं, म्हणून रक्तातलं एकूण टेस्टोस्टेरॉन जास्त दिसतं. मोकळं, म्हणजे काम करणारं, त्यामानाने फारसं वाढलेलं नसतं. तुझ्या डॉक्टरांनी या टेस्ट सांगितल्या नव्हत्या, ते बरोबरच होतं. गरोदर बाईला काउंटरवर असं पॅकेज विकू नये. तू बसमध्ये बसून जे सोसलंस त्याची काहीच गरज नव्हती.

हे दोन्ही आकडे डीमुळे वाढलेले नाहीत, आणि डी घेतल्याने खाली येणार नाहीत. यायलाही नकोत.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन, तुझं ३.१. पहिल्या तीन महिन्यांत एचसीजी हे गरोदरपणाचं हार्मोन खूप असतं, ते थायरॉइडलाही थोडं चाळवतं, म्हणून टीएसएच खाली जातं आणि नंतर हळूहळू वर येतं. कोणी "अडीचच्या आत हवं" म्हणालं तर ती अमेरिकन थायरॉइड असोसिएशनची २०११ची मर्यादा आहे. त्यांनीच २०१७ मध्ये ती साधारण ४ केली. टीपीओ अँटीबॉडी (थायरॉइडविरुद्ध शरीरानेच बनवलेली) कधी तपासली नसेल तर डॉक्टरांना एकदा विचार, एवढंच.

आता डी आणि कॅल्शियम. इथे मात्र तुझ्या शरीरात खरंच काहीतरी चाललंय.

लॅब जे मोजते ते २५-हायड्रॉक्सी, म्हणजे साठा. उन्हातून किंवा गोळीतून आलेलं डी लिव्हरमध्ये या रूपात येतं. मूत्रपिंड त्यातून कॅल्सिट्रिऑल बनवतं आणि प्रत्यक्ष काम करणारं हार्मोन ते. दिवस राहिले की हे कॅल्सिट्रिऑल पहिल्या तिमाहीतच दुपटीच्या आसपास जातं आणि पुढे आणखी वाढतं. बरंचसं आईच्या मूत्रपिंडातून येतं, थोडा वाटा वारेचाही असतो. त्यामुळे आईचं आतडं जेवणातलं कॅल्शियम जवळजवळ दुप्पट शोषून घ्यायला लागतं. बाळाने मागायच्या कितीतरी आधी शरीर ही तयारी करून ठेवतं. इतकी वर्षं हे शिकवलं, तरी मला अजून त्याचं अप्रूप वाटतं.

या तयारीमुळे चांगलं खाणाऱ्या आणि डी पुरेसं असलेल्या बाईचं पीटीएच, म्हणजे गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं कॅल्शियम टिकवणारं हार्मोन, गरोदरपणात खाली उतरतं, रेंजच्या तळाशी जातं. कॅल्शियम आतड्यातूनच मिळतंय, मग पॅराथायरॉइडने हाडांकडे कशाला मागायचं? तुझं पीटीएच ५८ आहे. छापील रेंजमध्ये बसतं म्हणून त्याला लाल रंग लागला नाही, पण अख्ख्या रिपोर्टमध्ये मला सगळ्यात बोलका वाटला तो हाच आकडा. साठा ११ वर आहे आणि पॅराथायरॉइड जोर लावून कॅल्शियम टिकवतेय. कंबर आणि मांड्यांचं दुखणं, कठडा धरून जिना चढणं, हे सगळं गरोदरपणात नुसतंही होतं, पण डॉक्टरांना स्पष्ट सांग. डीच्या कमतरतेत कंबरेजवळचे आणि मांड्यांचे स्नायू कमकुवत होतात. पाकिटं सुरू केल्यावर फरक पडतोय का हे त्यांनाही कळायला हवं.

कॅल्शियम ८.४ बघून घाबरू नकोस. रक्तातलं जवळजवळ निम्मं कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं आणि गरोदरपणात रक्त पातळ होऊन अल्ब्युमिन उतरतं. तुझं ३.३ आहे. तो हिशेब धरला तर कॅल्शियम ९ च्या आसपास येतं. खात्री करायचीच असेल तर आयोनाइज्ड, म्हणजे न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम मोजणारी टेस्ट असते.

जाऊबाईंचं म्हणणं काळजीपोटी आहे, पण इतकं सरळ नाही. डी कमी असलेल्या बायकांत रक्तदाब वाढणं, दिवस पूर्ण व्हायच्या आत बाळंत होणं जास्त दिसतं असं बरेच अभ्यास म्हणतात. पण ज्या बाईला ऊन नाही, धड जेवण नाही, वजन जास्त आहे, तिचं डीही कमी असतं, त्यामुळे दोष नक्की कशाचा हे वेगळं काढणं अवघड जातं. म्हैसूरला झालेला अभ्यास २००९ मध्ये आला. त्यात सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायकांचं डी २०च्या खाली होतं, तरी बाळाचं वजन किंवा आईची गरोदरपणातली साखर यांच्याशी त्याचा संबंध सापडला नाही. ढाक्यात १३०० बायकांना वेगवेगळे डोस देऊन बघितले, आठवड्याला २८,००० युनिटपर्यंत. २०१८ मध्ये निकाल आला, वर्षाच्या बाळांच्या उंचीत फरक नव्हता. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सरसकट प्रत्येक गरोदर बाईला डी द्या असं म्हणत नाही. उलट अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये गरोदर बायकांना ते द्यावं असं सुचवलं, रक्तदाबाचा आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका कमी होण्याची शक्यता धरून. मोठमोठ्या तज्ज्ञांतच असे मतभेद आहेत. पण हा वाद ज्यांचं डी बरं आहे त्यांना द्यावं की नाही याचा आहे. तुझं ११ आहे. तुला द्यायला हवं याबद्दल वाद नाही.

मोगरा ताई, राग मानू नका, पण साडेसहाच्या उन्हात डी जवळजवळ बनत नाही. त्याला लागणारे यूव्हीबी किरण सूर्य वर आल्यावरच खालपर्यंत पोचतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन त्यासाठी लागतं, म्हणजे साधारण दहा-साडेदहानंतरचं. काचेतून आलेलं चालत नाही, काच ते किरण अडवते. पारिजातक, सुट्टीच्या दिवशी अकराच्या सुमारास वीसेक मिनिटं दंड आणि पोटऱ्या उघड्या ठेवून बस. चेहऱ्याचा स्कार्फ राहू दे, या दिवसांत वांग लवकर येतात आणि उन्हाने गडद होतात. एप्रिल-मेच्या तापात मात्र हा प्रयोग नको, चक्कर येईल. नाचणी जरूर खा, तिच्यात कॅल्शियम भरपूर आहे. डी मात्र तिच्यात नाही. आणि ११ वरून वर यायला नुसतं ऊन पुरणार नाही, पाकीट घ्यावंच लागेल.

---

लीड्समधली मराठी

कृष्णाकाठ ताईंनी सगळं सांगितलंच आहे. मी इथलं थोडं लिहिते.

ब्रिटनमध्ये पहिल्या भेटीतच मिडवाइफ प्रत्येक गरोदर बाईला रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट डी घ्यायला सांगते, रक्त न तपासता. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हात त्वचेत डी बनतच नाही आणि आपल्या रंगाच्या त्वचेला तर उन्हाळ्यातही जास्त वेळ लागतो. साउदॅम्प्टन, ऑक्सफर्ड आणि शेफील्डमध्ये मिळून एक अभ्यास झाला होता, २०१६ मध्ये आला. चौदाव्या आठवड्यापासून रोज १००० युनिट दिले. सगळी बाळं मिळून हाडांत फरक दिसला नाही, पण हिवाळ्यात जन्मलेल्यांमध्ये दिसला. माझी मुलगी जानेवारीची, त्यामुळे ते वाचून मी एकही गोळी चुकवली नाही.

परदेशातून वाचणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. इथे रिपोर्ट नॅनोमोलमध्ये येतो आणि तो आकडा भारतातल्या नॅनोग्रॅमच्या अडीचपट असतो. माझा २८ आला होता. साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं तर ती खूश, म्हणाली तीसच्या जवळ आहे की. प्रत्यक्षात ते तुमचे ११.२ च. एकक बघितल्याशिवाय कोणाच्या आकड्याशी आपला आकडा ताडू नका.

---

गोदाकाठची

मध्येच विचारते, माफ करा. मी थायरॉइडची ५० ची गोळी घेते, पंधरावा आठवडा. सकाळी उठल्यावर ती आणि कॅल्शियम एकत्रच घेते, विसरायला नको म्हणून. मागच्या वेळी टीएसएच २ होतं, आता ५.८ आलंय. हे डीमुळे असेल का? माझंही डी १६ आहे.

---

कृष्णाकाठ, सांगली

गोदाकाठची, डीमुळे नाही. कॅल्शियम आणि लोह दोन्ही त्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात, मग ती रक्तात पोचतच नाही. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी फक्त पाण्याबरोबर घे, आणि कॅल्शियम किंवा लोह त्यानंतर किमान चार तासांनी. शिवाय दिवस राहिले की त्या गोळीची गरजच वाढते, अनेकींचा डोस पाव ते निम्म्याने वाढवावा लागतो. ५.८ घेऊन पुढच्या तारखेची वाट बघू नकोस, उद्याच डॉक्टरांना फोन कर. बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइडवर अवलंबून असते, इथे आठवडेसुद्धा महत्त्वाचे. केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असशील तर तेही सांग आणि तपासणीआधी थांबवायची का विचार, ते काही मशिनींवर टीएसएच आणि डी दोन्हींचे आकडे चुकवतं.

---

पारिजातक, चिंचवड

ताई, तुमचं उत्तर मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं. काल रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. जाऊबाईंनाही पाठवलं, त्या म्हणाल्या आता मी पण डी करून घेते.

दोन गोष्टी राहिल्या. इंजेक्शनचं काय? आणि कपाटात आधीच्या मल्टिव्हिटॅमिनची बाटली आहे, तिच्यावर डी १००० लिहिलंय. शिवाय कॅल्शियमच्या गोळीतही डी आहे असं आता दिसलं. हे सगळं एकत्र चालतं का?

---

कृष्णाकाठ, सांगली

बरं वाटलं वाचून.

इंजेक्शन नको. आठवड्याचं ६०,००० म्हणजे रोजचे साधारण साडेआठ हजार युनिट होतात. दीर्घकाळ रोज घ्यायची वरची मर्यादा ४००० धरतात, म्हणूनच पाकिटांना आठ आठवड्यांची मुदत घातलेली असते. त्यावर सहा लाख एकदम टाकले तर कॅल्शियम वाढू शकतं, आणि डी चरबीत साठत असल्याने एकदा आत गेलेलं पटकन काढताही येत नाही. खूप तहान, परत उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी लघवी असं काही झालं तर पाकीट थांबवून डॉक्टरांना गाठ. पाकीट रिकाम्या पोटी नको, जेवणानंतर दुधाबरोबर घे, स्निग्धाबरोबर ते चांगलं शोषलं जातं. वार ठरवून घे आणि कॅलेंडरवर खूण कर. आठवड्याच्या ऐवजी रोज पाकीट घेणाऱ्या बायका मी लॅबमध्ये पाहिल्यात.

कॅल्शियमच्या गोळीत डी असतंच. सरकारी दवाखान्यात चौदाव्या आठवड्यापासून देतात तिच्यात ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट डी असतं, दिवसाला दोन गोळ्या, बाळंतपणानंतरही सहा महिने. तेवढं पाकिटाबरोबर चालतं. मल्टिव्हिटॅमिनची बाटली मात्र पुढच्या व्हिजिटला सोबत ने आणि आठ आठवड्यांनंतर रोज किती घ्यायचं ते त्याच वेळी लिहून घे. पाकिटं संपली की बायका सगळंच बंद करतात आणि आकडा परत खाली जातो. कॅल्शियम जेवणाबरोबर घे, लोहापासून दोन तास तरी लांब. रात्रीच्या लोहानंतर दूध नको, लिंबूपाणी चालेल.

परत तपासणी तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, कारण गरोदरपणात डीला धरणारं प्रथिन वाढतं आणि वेगवेगळ्या मशिनी वेगवेगळा आकडा देतात. डी, कॅल्शियम, अल्ब्युमिन, पीटीएच, बस. अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांतून आणि लिव्हरमधून येणारं एन्झाइम) हेही केलं आणि शेवटच्या महिन्यांत वाढलेलं आलं तर दचकू नकोस, ते वारेतूनही येतं.

आणि बाळ झालं की बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब सांगतील. बाळ जन्मताना आईकडूनच डीचा साठा घेऊन येतं, आईचा कमी तर त्याचाही कमी, आणि आईच्या दुधात डी फार थोडं असतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्यांत एका मिलिलिटरमध्ये ४०० किंवा ८०० युनिट असतात. औषधवाल्याने बदलून दिली तर ड्रॉपर भरायच्या आधी बाटलीवरचा आकडा वाच.